लिस्बनला जाण्याआधी सारामागो : कोणतं पुस्तक, कसं वाचायचं, नकाशावर कुठे शोधायचं

मांडवीकाठ

पोर्तुगालची सहल ठरली की ‘जाण्याआधी काय वाचू?’ हा प्रश्न पणजी-मडगावच्या वाचनगटांत हमखास येतो. उत्तरादाखल सात-आठ पुस्तकांची यादी मिळते आणि विमानात बसेपर्यंत त्यातलं एकही पुरं झालेलं नसतं. म्हणून हा धागा. माझं मत असं : एकच कादंबरी घ्या, पण शहराचा नकाशा शेजारी ठेवून वाचा. लिस्बनसाठी ती कादंबरी म्हणजे पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागोची ‘रिकार्दो रेईसच्या मृत्यूचं वर्ष’. मूळ पोर्तुगीज १९८४ ची, इंग्रजी अनुवाद जोवानी पोंतिएरोचा.

थोडक्यात मांडणी. फेर्नांदो पेसोआ हा कवी वेगवेगळ्या नावांनी लिहायचा, आणि प्रत्येक नावाला त्याने स्वतंत्र जन्मसाल, धंदा, स्वभाव दिला होता. रिकार्दो रेईस हे त्यातलंच एक नाव : पोर्तोत जन्मलेला डॉक्टर, राजेशाहीवादी, १९१९ पासून ब्राझीलमध्ये. पेसोआ ३० नोव्हेंबर १९३५ ला वारला. सारामागोच्या कादंबरीत ती बातमी ऐकून रेईस बोटीने लिस्बनला परततो, आणि मेलेला पेसोआ त्याला अधूनमधून भेटायला येतो. मेल्यानंतर नऊ महिने अशी येजा करता येते, असा कादंबरीतला नियम. बाहेर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट घट्ट होत चाललेली, शेजारी स्पेनमध्ये यादवी पेटायच्या बेतात. गोवेकराला सालाझार कोण हे सांगायला नको. १९३० चा वसाहत कायदा त्याचाच.

पुस्तक साधारण साडेतीनशे पानांचं. रोज पंधरा-वीस पानं धरली तर अडीच ते साडेतीन आठवडे. निघायच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नका. त्या आठवड्यात हवं ते फक्त चाळणं आणि खुणा नकाशावर उतरवणं.

आणखी एक. रेईसच्या नावावरच्या पेसोआच्या दहा-बारा कविता आधी वाचा, तासाभराचं काम आहे. कादंबरीतली हॉटेलातली मोलकरीण लीदिया हे नाव त्या कवितांतून आलंय. कवितेत ती केवळ नावापुरती प्रेयसी. कादंबरीत तीच जमीन पुसते, स्वयंपाक करते आणि डॉक्टरपेक्षा शहाणं बोलते. कविता वाचलेल्या नसतील तर ही गंमत निसटते.

चाफेकळी

वाचनखूण साठवली. पण सारामागो सुरू करून सोडलेल्यांची संख्या फार मोठी आहे हो. अवतरणचिन्हं नाहीत, कोण बोलतंय कळत नाही, परिच्छेद दोन-दोन पानं चालतो. यावर काही उपाय?

पाटोपूल

@चाफेकळी, उपाय आहे, आणि तो पहिल्या दहा पानांत जमला की पुढे अडत नाही.

सारामागो संवादात फक्त दोन चिन्हं वापरतो, स्वल्पविराम आणि पूर्णविराम. इंग्रजी किंवा पोर्तुगीज प्रतीत स्वल्पविरामानंतर मोठं अक्षर दिसलं की बोलणारा बदलला असं धरायचं. छोटं अक्षर असेल तर तोच माणूस पुढे बोलतोय, नाहीतर निवेदक. मोठं अक्षर विशेषनामामुळेही येतं, तेवढी सावधगिरी ठेवा. पहिलं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचा आणि दर बदलाला उभी रेघ मारा. ग्रंथालयाची प्रत असेल तर रेघा मारू नका, मोठ्याने वाचा. हा मजकूर कानाला लवकर कळतो. चिन्हांपाशी आपोआप थांबलं जातं.

दुसरी अडचण : प्रकरणांना शीर्षकं नाहीत, त्यामुळे मागचं काही शोधता येत नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर जागेचं नाव आणि पान क्रमांक लिहीत जा. पुढे रस्त्यावर उभं राहून तो परिच्छेद काढायचा असतो, तेव्हा हीच यादी उपयोगी पडते. ई-बुक घेतलंत तर शोध सोपा, मात्र रस्त्यांची नावं मूळ पोर्तुगीज स्पेलिंगनेच टाका.

पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आधी चौकशी करा. घरात पोर्तुगीज वाचणारं कोणी ज्येष्ठ असेल तर मूळ पुस्तकाची पहिली दोन पानं त्यांच्याकडून वाचून घ्या, लय लगेच कळते.

खाजनदार

मूळ धाग्याला +१, पण त्यात एक महत्त्वाचा भाग राहिलाय. कादंबरीतलं लिस्बन १९३६ चं आहे. आज तिथे उभं राहिल्यावर जे सगळ्यात ठळक दिसतं, त्यातलं बरंचसं रेईसने पाहिलेलंच नाही. काय वजा करायचं हे ठाऊक नसेल तर माणूस भलत्याच गोष्टीचा फोटो काढून येतो.

आल्तु द सांता कातारीना या टेकडीवरच्या बाकांवर म्हातारे पेपर वाचत बसतात आणि रेईस त्यांना वरच्या खिडकीतून बघतो. तिथला आदामास्तोरचा (कामोंइशच्या महाकाव्यातला राक्षस) दगडी पुतळा १९२७ चा, म्हणजे त्याच्या काळात नवाच होता. समोर तेजू नदी. पण उजवीकडचा लाल झुलता पूल १९६६ चा, आणि पलीकडच्या काठावरचा हात पसरलेला ख्रिस्त १९५९ चा. दोन्ही मनातून पुसा. उरतं ते नुसतं पाणी, पलीकडचा आल्मादाचा उंचवटा आणि बोटी. रेईस तासन्तास तिकडे का बघत बसतो ते मग समजतं, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच.

कादंबरी सुरू होते आल्कांतारा धक्क्यावर. पावसात ‘हायलँड ब्रिगेड’ ही इंग्रज बोट लागते, साल १९३५, डिसेंबरअखेर. आज तिथे जी देखणी प्रवासी इमारत आहे ती १९४३ ची, रेईस तिच्यातून उतरलेला नाही. तरीही ती बघावी, कारण आतली भित्तिचित्रं आल्मादा नेग्रेईरोशची आहेत. तो पेसोआचा तरुणपणापासूनचा साथीदार, आणि काळी हॅट, चष्मा, टेबलावर कॉफी असं पेसोआचं जे प्रसिद्ध चित्र सगळीकडे दिसतं तेही त्याचंच.

शियादू भागात १९८८ च्या ऑगस्टमध्ये मोठी आग लागली. जुनी दुकानं आतून जळून गेली, दर्शनी भिंती राखून आत नवं बांधकाम झालं. तेव्हा तिथल्या भिंती बघा, दुकानं नको. ब्राझिलेइरा कॅफेबाहेरचा पेसोआचा ब्राँझचा पुतळाही १९८८ चा. त्याच्या शेजारच्या ब्राँझच्या खुर्चीत बसून फोटो काढायला रांग असते. पेसोआच्या जन्माचं घर तिथून तीन-चार मिनिटांवर, सांव कार्लुश ऑपेराच्या समोर, आणि तिथे कोणी फिरकत नाही.

मांडवीकाठ

@खाजनदार, नेमकं. भर घालतो. प्राझेरेश दफनभूमीत रेईस पेसोआची कबर शोधत जातो. ती आजीच्या कबरीची जागा होती. १९८५ मध्ये पेसोआचे अवशेष बेलेंच्या जेरोनिमुश मठात हलवले. प्राझेरेश बघा जरूर, पण कबरीसाठी मठात जायचं. तिथे चर्चचा भाग वेगळा आणि ओवऱ्यांचा भाग वेगळा : महाकवी कामोंइश आणि वास्को द गामा चर्चमध्ये, पेसोआ ओवऱ्यांत. ओवऱ्यांना तिकीट लागतं. सोमवारी बंद.

कुळागर

या कादंबरीत गोव्याचा एक धागा आहे तो कोणीच सांगत नाहीये. (इशारा : पुढे कथेचा शेवट आहे. वाचायची असेल तर माझा प्रतिसाद ओलांडून जा.)

लीदियाचा भाऊ दानिएल नौदलात खलाशी असतो, ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ या युद्धनौकेवर. कादंबरीच्या शेवटी सप्टेंबर १९३६ मध्ये खलाशी बंड करतात, बोटी नदीतून बाहेर काढायला बघतात, किनाऱ्यावरच्या तोफा त्यांच्यावर डागल्या जातात आणि दानिएल मरतो. दानिएल काल्पनिक आहे, बंड खरं आहे : ८ सप्टेंबर १९३६, ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ आणि ‘दांव’ या दोन नौका. पकडलेल्या खलाशांपैकी अनेकांना केप व्हर्दच्या ताराफालच्या छावणीत धाडलं.

तीच ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ दुरुस्त होऊन पुढे पंचवीस वर्षं चालली, आणि १८ डिसेंबर १९६१ ला मुरगाव बंदरासमोर भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांच्याशी लढली. मार खाल्ल्यावर कप्तानाने ती बांबोळीच्या किनाऱ्याला लावली. सालाझारविरुद्ध बंड केलेली बोट सालाझारची शेवटची बोट म्हणून आपल्या वाळूत रुतली! कादंबरीत १९६१ चा उल्लेख नाही, असायचं कारणही नाही. पण बांबोळीवरून रोज जाणाऱ्याने शेवटचं प्रकरण हे ठाऊक ठेवून वाचावं.

चाफेकळी

अंगावर काटा आला. देव बरें करूं!

एक विचारायचं होतं. रेईस बोटीच्या ग्रंथालयातून ‘द गॉड ऑफ द लॅबिरिंथ’ नावाची रहस्यकथा आणतो, हर्बर्ट क्वेन लेखक. पुस्तकभर ती त्याच्या हातात आहे. ती कुठे मिळेल? ऑनलाइन दुकानांत सापडत नाही.

पाटोपूल

कुठेच नाही मिळणार. :) हर्बर्ट क्वेन हा अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने एका कथेत रचलेला लेखक, ते पुस्तकही त्यानेच रचलेलं. म्हणजे पेसोआने रचलेला डॉक्टर बोर्हेसने रचलेलं पुस्तक वाचतोय, आणि अर्थातच ते त्याला कधी संपवता येत नाही. त्या नावाने काही विकायला दिसलं तर घेऊ नका.

दुपारची_फेरी

आता चालण्याचं बोलू. कादंबरीतला मुख्य पट्टा दीड-दोन किलोमीटरचा आहे, पण चढाचा, आणि दर थांब्यावर पान उघडून वाचलं तर तीन तास सहज जातात. क्रम असा ठेवा :

काइश दु सोद्रे (मेट्रोची हिरवी लाइन, शेवटचं स्टेशन). बाहेर पडल्यावर नदीकडे पाठ केली की समोर चढणारा रस्ता रुआ दु आलेक्रीं. सुरुवातीलाच बारा नंबर, इथे ब्रागांसा हॉटेल होतं, रेईसची दुसऱ्या मजल्यावरची २०१ नंबरची नदीकडची खोली. आता त्या इमारतीत दुसऱ्या नावाचं हॉटेल आहे, पाटी शोधत बसू नका. रस्त्याच्या कमानीखालून जी गल्ली जाते ती हल्ली गुलाबी रंगवलेली, बारची गल्ली आहे. ‘रेईसच्या हॉटेलात राहू’ असा बेत असेल तर रात्री उशिरापर्यंत आवाज गृहीत धरा.

अर्ध्या चढावर डाव्या हाताला एका छोट्या चौकात एसा द केइरोशचा पुतळा. लेखक उभा, त्याच्यापुढे झिरझिरीत वस्त्रातली ‘सत्या’ची बाई, खाली त्याचंच वाक्य कोरलेलं : सत्याच्या नग्नतेवर कल्पनेचं पारदर्शक वस्त्र. रेईस या वाक्याशी घुटमळतो, ते वाक्य उलटं करून बघतो. पूर्ण कादंबरीची किल्ली इथे आहे, त्यामुळे घाई नको. आताचा पुतळा ब्राँझची प्रतिकृती आहे, मूळ दगडी पुतळा संग्रहालयात हलवलाय.

वर गेलं की कामोंइशचा चौक. रेईस कुठेही निघाला तरी इथेच येऊन पोचतो, आणि प्रत्यक्षातही तसंच होतं. इथून उजवीकडे शियादूत वळलात की रुआ आन्तोनियो मारिया कार्दोज़ो. गुप्त पोलिसांचं मुख्यालय या रस्त्यावर होतं. रेईसला चौकशीला इथेच बोलावतात आणि कांद्याचा वास मारणारा व्हिक्टर नावाचा हस्तक त्याच्या मागावर राहतो. २५ एप्रिल १९७४ ला, क्रांतीच्या दिवशी, या इमारतीतून झालेल्या गोळीबारात चार जण मारले गेले. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत. भिंतीवर त्या चौघांच्या नावांची पाटी आहे, मान वर करून चाललात तर दिसणार नाही.

परत कामोंइशला येऊन पश्चिमेकडे उतरा, मग डावीकडे वळून सांता कातारीना. शेवटचं प्रकरण इथे वाचा.

काय चुकतं ते : लोक पादत्राणं चुकतात. तिथली फरसबंदी चुनखडीच्या छोट्या तुकड्यांची, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. पाऊस पडला की उतारावर चामड्याचा सपाट तळवा टिकत नाही, रबरी तळव्याचे बूट हवेत. पणजीत आल्तिनोचा चढ पावसाळ्यात उतरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुसरी चूक बीका फ्युनिक्युलरवर, म्हणजे तारेने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या ट्रामवर, भिस्त ठेवण्याची. सप्टेंबर २०२५ मधल्या ग्लोरिया फ्युनिक्युलरच्या भीषण अपघातानंतर बाकीचीही तपासणीसाठी थांबवली होती. चालू आहे का ते त्या दिवशी बघा, आणि चढ पायी चढावा लागेल असं धरूनच चला.

ऋतूबद्दल : कादंबरीचा पहिला अर्धा भाग पावसात भिजलेला आहे. लिस्बनचा पाऊस हिवाळ्यात पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर कोरडं, पांढरं, डोळे दिपवणारं शहर दिसेल आणि पुस्तकाशी त्याचा मेळ बसणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी जा, छत्री मजबूत दांड्याची घ्या.

कुंकळ्ळीकर

थोडा विरोध नोंदवतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला सारामागो देणं म्हणजे शहराची उदास बाजू आधी दाखवणं. त्यापेक्षा एसाची ‘मायया’ घराण्याची कादंबरी द्या, १८८८ ची. शियादू, ऑपेरा, सिंत्राची सहल, उच्चभ्रूंच्या गप्पा, टिंगल, सगळं आहे. आमच्या जुन्या भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत पोर्तुगीज कपाट असेल तर त्यात एसा सापडतो.

मांडवीकाठ

@कुंकळ्ळीकर, कादंबरी थोर आहे यात वाद नाही. अडचण दोन. एक म्हणजे जाडी : सारामागोच्या जवळजवळ दुप्पट, आणि पहिली शंभर पानं घराण्याच्या पूर्वेतिहासात जातात. दुसरी म्हणजे तिचं केंद्र असलेलं रामाल्येत हे घर काल्पनिक. जानेलाश व्हेर्देश भागात जाऊन फिरता येतं, पण दार ठोठावता येत नाही. सिंत्राला एक दिवस देणार असाल तर सिंत्राचं प्रकरण तेवढं वाचून जा. ते सुटं वाचलं तरी चालतं.

कुंकळ्ळीकर

सुटं प्रकरण चालतं हे मान्य. उदासपणाबद्दल मी माझ्या मतावर ठाम.

खाजनदार

सालाझारचा काळ पुस्तकातून वाचलाय तर गोव्याशी जोडलेल्या तीन जागा सोडू नका.

लिस्बनच्या से कॅथेड्रलजवळ आल्जूब हा जुना राजकीय तुरुंग, २०१५ पासून प्रतिकाराचं संग्रहालय. कोठड्या किती अरुंद होत्या ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. दुसरी जागा पेनिशचा किल्ला, लिस्बनच्या उत्तरेला किनाऱ्यावर. गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ च्या अटकेनंतर इथे डांबलं होतं. आता हेही संग्रहालय आहे. बसने जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो.

तिसरी काशियश. गोवा मुक्तिसैनिक मोहन रानडे इथल्या तुरुंगात होते, गोवा मुक्त झाल्यावरही. सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी केलेली धडपड मराठी माणसाला माहीत आहेच. काशियशला काइश दु सोद्रेहून कास्काइशच्या लोकलने जाता येतं, पण तो तुरुंग अजूनही तुरुंगच आहे. आत जाता येत नाही आणि बाहेरून फोटो काढायच्या भानगडीत पडू नये.

शेवंती_फोंडें

सारामागोची बाकीची दोन पुस्तकं याच पद्धतीने वापरता येतील का? लिस्बनजवळच्या माफ्रा गावावरचं आणि लिस्बनच्या वेढ्यावरचं.

पाटोपूल

येतील.

‘लिस्बनच्या वेढ्याचा इतिहास’ (१९८९) किल्ल्याखालच्या उतारावर घडते. एक मुद्रितशोधक ११४७ च्या वेढ्याच्या इतिहासात मुद्दाम एक ‘नाही’ घुसडतो आणि इतिहास उलटा होतो. किल्ल्याचं तिकीट काढण्याआधी तटाबाहेरच्या गल्ल्यांत एक फेरी मारा, पुस्तक तिथलं आहे. तिथून खाली नदीकडे उतरलात की काझा दुश बीकुश, टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं घर. सारामागो फाउंडेशन २०१२ पासून तिथे आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी आहेत. झाड त्याच्या गावाहून, आझिन्यागाहून आणलेलं. हे घर १५२३ मध्ये बांधलं ब्रास द आल्बुकेर्कने. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सोचा तो मुलगा. कुळागर यांच्या बोटीचं नाव आठवा. (सारामागो वारला १८ जून २०१० ला. गोव्याच्या क्रांतिदिनीच, निव्वळ योगायोग.)

माफ्रावरची, बाल्ताझार आणि ब्लिमुंदाची, कादंबरी १९८२ ची. पाचव्या जुवांवने १७१७ मध्ये पायाभरणी केलेला मठ-राजवाडा आणि तो बांधताना मेलेले मजूर. यातला रोसिउ चौकातला इन्क्विझिशनचा प्रसंग गोव्याचा इतिहास माहीत असलेल्याला अवघड जाईल, तयारीने वाचा. माफ्राला बस कांपु ग्रांद मेट्रोपासून सुटते. अर्धा दिवस धरा. पेरु पिन्हेइरोहून एकच अजस्र शिळा शेकडो बैलांनी ओढून आणतात ते प्रकरण आदल्या रात्री वाचा, कारण ती शिळा दर्शनी भागात, मुख्य दारावरच्या सज्जाला आहे, आणि माहीत नसेल तर माणूस तिच्याखालून निघून जातो. राजवाड्याच्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. पुस्तकांना लागणारे किडे ती खातात, म्हणून त्यांना हाकलत नाहीत.

पण पहिल्या फेरीत तिन्ही नको. रेईस एक, आणि माफ्राचं शिळेचं प्रकरण, बस.

चाफेकळी

फातिमाचं पण आहे ना त्यात?

मांडवीकाठ

आहे. रेईस १३ मेच्या यात्रेला जातो, मार्सेंदा भेटेल या आशेने. डावा हात लुळा पडलेली, कोइंब्राची ती मुलगी. गोव्यातून निघणाऱ्या बऱ्याच सहलींत फातिमा असतंच. बसमध्ये तेवढी पानं वाचा, मात्र सोबत भाविक मंडळी असतील तर मोठ्याने नको. सारामागोची नजर तिथे तिरकस आहे.

रायबंदर७

महाराष्ट्रातून गोवा बघायला येणाऱ्यांनी आधी काय वाचावं, यावरही कोणी लिहा की.

मांडवीकाठ

वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल. व्हिसाचे प्रश्नही त्यांच्या धाग्यात.

शेवंती_फोंडें

शेवटचा प्रश्न. प्राझेरेशला २८ नंबरची ट्राम जाते म्हणतात, त्यात पाय ठेवायला जागा नसते असंही म्हणतात.

दुपारची_फेरी

दोन्ही खरं. मार्तीं मोनीझला चढू नका, सगळे पर्यटक तिथेच रांग लावतात. सकाळी लवकर प्राझेरेशला बसने किंवा पायी पोचा, दफनभूमी बघा, तिथून आठ-दहा मिनिटांवर काझा फेर्नांदो पेसोआ आहे. हे त्याचं शेवटच्या पंधरा वर्षांचं घर. सोमवारी बंद. परतताना प्राझेरेशच्याच टोकाला ट्राम पकडा, बसायला जागा मिळते, आणि कामोंइशला उतरा. तिकीट ट्राममध्ये काढलं तर महाग पडतं. मेट्रो स्टेशनवर नावेगान्त कार्ड घेऊन त्यात पैसे भरा किंवा २४ तासांचं तिकीट घाला. एका कार्डावर एकच प्रवासी चालतो, त्यामुळे दोघांना दोन कार्डं. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, २८ मध्ये खिसेकापू असतात. बेलेंच्या मठासाठी १५ नंबर, काइश दु सोद्रेहून. तीच आल्कांतारावरूनही जाते, तेव्हा धक्का त्याच फेरीत उरकतो.